वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजायचा कसा? (नैरोबीहून आल्यावर पडलेला प्रश्न)

आर्णीची_माय

नमस्कार मंडळी. लिहायची सवय नाही. नातू टाइप करून देतो म्हणाला होता, पण त्याचा क्लास निघाला, म्हणून मीच एकेक बोटानं लिहून राहिले. चुका पदरात घ्या.

मी आर्णी तालुक्यातली. बरीच वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते, आता गावच्या बचत गटाची सचिव आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी नैरोबीला गेले आणि मे संपता संपता परत आले. जावई तिथं एका कारखान्यात हिशेब पाहतात. घर किलिमानी भागात, पाचव्या मजल्यावर. प्रश्न शेवटी विचारते, पण आधीचं सांगितल्याशिवाय तो समजायचा नाही.

मुलीकडे आठवड्यातून दोनदा कपडे धुवायला एक बाई येई. तिथं अशा बाईला 'मामा फुआ' म्हणतात. मामा म्हणजे आई, फुआ म्हणजे धुणं. मला पहिल्या दिवशी हसूच आवरेना. आईचा भाऊ मामा, हिंदीवाल्यांची आत्या फुआ, आणि दोन्ही नाती एकाच बाईत! ती राहायची किबेरात. ती मोठी झोपडवस्ती आहे, मुलीच्या घरापासून पायी पाऊण-एक तासावर.

मुलीला ती बाई सापडली गेटवर. सकाळी सातपासून त्या मोठ्या इमारतींच्या गेटांजवळ आठ-दहा बाया भिंतीला पाठ टेकून बसलेल्या असतात. वरून कुणी बोलावलं तर काम, नाहीतर दुपारी पायी घरी. आपल्याकडे निंदणाच्या दिवसांत मुकडदमाचा ऑटो येतो आणि 'आज चारच पाहिजे' म्हणतो, तसंच. पण आपल्याकडे चार जणी चढल्या की उरलेल्यांना तिथंच समजतं, त्या आपल्या घरी येऊन दुसऱ्या कामाला लागतात. तिथं कोण कधी हाक मारेल याचा नेम नाही, म्हणून उठताही येत नाही.

आमची भाषा कशी जमली विचाराल. तिला थोडी इंग्रजी, मला थोडी हिंदी, बाकी हातवारे. पण त्यांच्या भाषेत पैशाला पेसा, चहाला चाय, दुकानाला दुका, गाडीला गारी, बांगडीला बंगिली आणि सरकारला सेरिकाली म्हणतात. एवढ्यावर दोन बाया महिनाभर बोलू शकतात. सेरिकाली म्हटलं की ती कपाळावर हात मारी, पुढचं मला कळूनच जाई.

बाळाला मी तेल लावायची ते ती बघत बसे. एका रविवारी म्हणाली, माझ्या घरी चल. मुलगी 'आई, नको' म्हणत होती. मी म्हटलं, डोक्यावर मोळी घेऊन याहून लांब चालली आहे तुझी माय.

खोली दहा बाय दहाची. भिंती मातीच्या, वर टीन. मधे एक पडदा, पलीकडे दोन पोरी झोपतात, अलीकडे ती आणि धाकटा. भांडी इतकी लख्ख की मला आपल्या चुलीवरच्या भांड्यांची लाज वाटली. कोळशाची छोटी शेगडी, तिला जिको म्हणतात. कोळसा डब्यानं विकत. गोडं तेल एका जेवणापुरतं मोजून. पीठही त्या दिवसापुरतंच. पोतं घेतलं तर स्वस्त पडतं हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण पोत्याचे पैसे एकदम हातात येतात कधी? भाजी म्हणजे एक हिरवा पाला, कोबीच्या घरातला. त्याचं नाव 'सुकुमा विकी'. अर्थ विचारला तर म्हणाली, आठवडा ढकल. आपण दिवस ढकलतो, त्या आठवडा ढकलतात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला उगाली म्हणतात, त्यासोबत मी तो पाला दोनदा मागून खाल्ला. आपल्या घाट्याची आठवण झाली.

आणि पाणी. कुलूप लावलेला एक नळ, शेजारी पैसे घेणारा पोरगा, समोर वीस-वीस लिटरचे पिवळे डबे रांगेत. खाण्याच्या तेलाचे रिकामे डबे असतात ते. रांगेत बाया नव्हत्या, फक्त डबे होते. कुणाच्या कडीला लाल चिंधी, कुणाच्या निळी दोरी. आपल्याकडे टँकरच्या दिवसांत गुंडांची (पाण्याच्या हंड्यांची) रांग लागते आणि प्रत्येकीला आपला गुंड चेपल्याच्या खुणेवरून ओळखू येतो, अगदी तस्संच. एका डब्याचे ५ शिलिंग. आपले तीन-सव्वातीन रुपये. पाणी कमी आलं की १०, कधी २०. मी मनात हिशेब केला, हजार लिटरला २५० शिलिंग झाले. मुलीच्या फ्लॅटच्या पाणीबिलात हजार लिटरला याहून पुष्कळ कमी पडत होते. म्हणजे नळ घरात आहे त्याला पाणी स्वस्त आणि डोक्यावरून आणते तिला महाग.

डोक्यावर डबा ठेवायला कापडाची चुंबळ. त्यांच्याकडे तिला न्गाटा म्हणतात. तिची फाटली होती. मी माझ्या जुन्या नऊवारीची किनार फाडून पिळून चुंबळ करून दिली, तर तिनं ती उलटसुलट करून पाहिली, डोक्यावर ठेवली आणि शेजारणीला हाक मारून दाखवली. गाठ कशी मारली ते मला पुन्हा करून दाखवावं लागलं.

परत निघताना गोऱ्या पाहुण्यांचा एक घोळका गल्लीतून गेला. वस्ती दाखवायच्या सहली निघतात म्हणे. तिनं लगेच तोंड भिंतीकडे केलं. माझा फोन पिशवीत होता, तिथंच राहिला. म्हणून फोटो मागू नका, नाहीत.

एप्रिलच्या शेवटी तिथं भयंकर पाऊस झाला. नद्यांना पूर, शाळा उघडायची तारीख पुढे गेली. सहा दिवस तिचा फोन बंद. सातव्या दिवशी आली आणि काही न बोलता बादल्या भरायला लागली. चार माणसांचे कपडे धुऊन झाल्यावर पिशवीतून पोरीचा शाळेचा गणवेश काढला आणि मुलीला विचारलं, हा तुमच्या बाल्कनीत वाळत घालू का. तिच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं होतं, वाळत घालायला कोरडी जागाच नव्हती.

तिच्याकडून मी एक शब्द शिकले, 'न्गोजा'. म्हणजे थांब. नळावर न्गोजा, गेटवर न्गोजा, पैसे देऊन वापरायच्या संडासापुढे न्गोजा, दवाखान्यात तर काय, दिवसभर न्गोजा. एका दिवसाचं तिनं मला बोटांवर सांगितलं, ते साडेपाच तास भरले. काम नव्हे हां, नुसती वाट पाहणं.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. एकीनं विचारलं, "त्या बाया आपल्याहून गरीब आहेत नं वं?" मला उत्तर सुचेना. तेवढ्यात आमची कोषाध्यक्ष म्हणाली, "गरिबीचं जाऊ दे, आपले साडेपाच तास होते का नाही ते मोज नं." आणि बायांनी ठरवूनच टाकलं, आठ दिवस मोजायचं.

आता प्रश्न. अर्ध्या बायांकडे घड्याळ नाही, तिघी-चौघींना लिहिता येत नाही, आणि वाट पाहतानाही बाई रिकामी नसते, लेकराच्या डोक्यातल्या उवा काढते, सांबार (कोथिंबीर) निवडते. मोजायचं कसं? कुणी असं केलं आहे का? आणि मोजून झाल्यावर ते द्यायचं कुणाला?

---

कापूसकोंड्या

वहिनी, राग मानू नका, पण एवढ्या लांब जाऊन हे बघायची काय गरज होती? माझ्या गावात या, फुकट दाखवतो. उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात झाकून ठेवलं आहे आणि बायको कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीवर स्वयंपाक करते. कापूस वेचायला किलोमागं १० रुपये देतो तरी मजूर मिळत नाही. आफ्रिकेतल्या बायांचं दुःख ऐकलं की आपल्या लोकांना बरं वाटतं, एवढंच.

---

आर्णीची_माय

भाऊ, बाळंतपणाला गेली होती, सहलीला नाही. आणि वेचणीला बायको सोबत असते नं तुमच्या? तिला किलोमागं किती देता?

---

मोंबासा_रिटर्न

मी मूळचा कारंजा लाडचा, नैरोबीत सहा वर्षं नोकरी केली. ताईंनी जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. थोडी भर घालतो.

किबेरात दहा लाख लोक राहतात असं जिथं तिथं वाचाल. २००९ च्या जनगणनेत १,७०,०७० निघाले. या आकड्यावरही वाद आहेत, पण दहा लाख म्हटलं की मदतीची पत्रकं जास्त भरदार दिसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

खरी मेख जमिनीत आहे. इंग्रजांनी आपल्या किंग्ज आफ्रिकन रायफल्स पलटणीतल्या नुबियन (मूळ सुदानकडच्या) सैनिकांना तिथं वसवलं. किबेरा हे नाव त्यांच्या भाषेतल्या 'किब्रा'वरून पडलं, किब्रा म्हणजे जंगल. कागद दिला नाही. जमीन सरकारी राहिली, नुबियन समाजाला २८८ एकरांचा पट्टा मिळाला तो थेट २०१७ मध्ये. खोल्या बांधणारा मालक दुसरीकडे राहतो, त्याच्याकडेही जमिनीचा कागद नाही, म्हणून तो संडास-नळावर पैसा घालत नाही. भाडं मात्र दर महिन्याला घेतो. आपल्याकडे गावठाणाबाहेरच्या अतिक्रमणातल्या घरांना सुविधा देताना हाच घोळ होतो, तेव्हा समजायला सोपं जाईल.

पाण्याच्या प्लास्टिक नळ्या उघड्या गटारांतून जातात. दाब गेला की फुटक्या जागेतून घाण आत ओढली जाते, म्हणून पैसे देऊन घेतलेलं पाणीही उकळावं लागतं, म्हणजे परत कोळसा. अलीकडे शोफ्को नावाच्या तिथल्याच संस्थेनं काही भागात पाइप खांबांवरून, विजेच्या तारांसारखे वरून नेले. ते पाहण्यासारखं काम आहे.

संडासाचं ताई संकोचून एका ओळीत बोलल्या. रात्री बायका बाहेर पडत नाहीत, भीती असते. पूर्वी पिशवीत करून बाहेर फेकायचे, त्याला इंग्रजीत उडता संडास असंच नाव पडलं होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये केनियानं प्लास्टिक पिशव्यांवर कडक बंदी घातली. पर्यावरणाला बरी, पण संडास न देता पिशवी काढून घेतली तेव्हा तिथल्या बायकांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

वस्तीच्या मधून रेल्वे जाते, रुळांवरच बाजार भरतो. ही ज्या जुन्या युगांडा रेल्वेचा भाग आहे, ती रेल्वे मुळात १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांनी घातली, त्यात अडीच हजारांच्या आसपास मेले. आपली मुर्तिजापूर–यवतमाळची शकुंतलाही इंग्रजांच्या काळात कापूस बाहेर न्यायलाच घातली होती. दोन्हीकडे माल निघून गेला, आणि...

असो, रेल्वेवर मी सुरू झालो की थांबत नाही. मूळ प्रश्न बायांच्या वेळेचा आहे.

---

आशाताई_हिंगणघाटकडची

माय, प्रश्न वाचून एकदम जवळचा वाटला. आम्ही असं मोजलं आहे, पाण्यापुरतं. तीन वर्षांमागे उन्हाळ्यात. घड्याळाचं सोडून द्या, जमत नाही. चार दिवस बाया मोबाइल बघून सांगायच्या, पाचव्या दिवशी मोबाइल नवरा घेऊन गेला.

आम्ही चिंचोके घेतले. प्रत्येकीच्या घरात दोन डबे, एक भरलेला, एक रिकामा. शाळेची घंटा, मशिदीची अजान, एसटी, दूधवाला, गिरणीचा भोंगा यावरून बाईला अर्ध्या तासाचा अंदाज बरोबर येतो, आपल्याला वाटतं त्याहून बरोबर. अर्धा तास गेला की एक चिंचोका ओच्यात, घरी आल्यावर रिकाम्या डब्यात. रात्री मोजायचं. मी वहीत लिहायची.

दोन गोष्टी आधी ठरवून घ्या, नाहीतर भांडणं होतात. एक, वाट पाहताना सांबार निवडला तरी ती वाट पाहणंच धरायचं. बाई तिथून हलू शकत होती का, एवढंच विचारायचं. हलू शकत नव्हती तर चिंचोका टाकायचा. दुसरी, लाजेचं. आमच्याकडे बाया पाण्याचं सांगत, पण पहाटे अंधार असताना बाहेर जायला सोबतीण मिळेपर्यंत ज्या थांबतात ते कुणी सांगेना. घरोघरी संडास आहेत हो, अनुदानाचे. आमच्या वस्तीतल्या निम्म्यांत तुराट्या आणि खताची पोती ठेवली आहेत, कारण पाणीच नाही. त्यासाठी आम्ही काळे चिंचोके वेगळे ठेवले, कुणी विचारायचं नाही, नुसते डब्यात टाकायचे. तेव्हा कुठं खरा आकडा आला.

दवाखान्याचंही मोजा. मी गरोदर बायांना तपासणीला नेते. सकाळी आठला निघतो, सोनोग्राफीचा नंबर कधी तीनला लागतो, कधी 'मशीन बंद, पुढच्या मंगळवारी या'. त्या दिवसाची मजुरी बुडते ती कुठल्याच कागदावर येत नाही. आणि माझाही दिवस जातो, तोही येत नाही, पण ते रडगाणं इथं नको.

---

ग्रामसेवक_आता_निवृत्त

द्यायचं कुणाला, याचं उत्तर मी देतो, कारण माझ्या टेबलावर असे कागद आले आहेत आणि काही मी बाजूलाही ठेवले आहेत. खरं सांगायला आता हरकत नाही.

सरकारनं स्वतः हे मोजलेलं आहे, हे बायांना आधी सांगा. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळ-वापर सर्वेक्षण केलं. पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंतचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून. म्हणजे आशाताईंचा अर्ध्या तासाचा चिंचोका आणि दिल्लीचा तक्ता एकाच मापाचे आहेत! त्यात ज्या बाया स्वतःच्या घरचं काम करतात त्यांची बिनपगारी घरकामात दिवसाला २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७, आणि तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच. २०२४ च्या सर्वेक्षणात बाईची २८९ आणि पुरुषाची ८८. बाईची दहा कमी झाली, पुरुषानंही नऊ कमी करून घेतली.

आता गावपातळीवर. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्याकडे कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टर घरोघरी फिरवून सह्यांवरच होते. तुम्ही खरोखर जमा, चिंचोक्यांचा हिशेब तिथं वाचा आणि इतिवृत्तात आकड्यासह लिहून घ्या. 'पाण्याची अडचण आहे' असं लिहू देऊ नका. 'अमुक वॉर्डात २३ घरं, घरामागे रोज सरासरी इतके तास' असं लिहा. जल जीवन मिशनच्या हिशेबात माणशी रोज ५५ लिटर धरलेले आहेत, तर तुमच्या नळाला प्रत्यक्ष किती येतं तेही बादलीनं मोजून शेजारी लिहा. मोघम तक्रार फाइलीत जाते. आकडा असला की साहेबाला निदान दुसरा आकडा तरी शोधावा लागतो.

सही-शिक्क्याची नक्कल त्याच दिवशी मागा. दुसऱ्या दिवशी 'या' म्हणतील. न्गोजा.

---

कापूसकोंड्या

वहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. बायकोला विचारलं की वेचणीचे तुला किलोमागं किती देतो. ती हसली नाही, काही बोललीही नाही. संध्याकाळी तिनं मुलाकडून हा धागा वाचून घेतला आणि आज ओट्यावर दोन डबे ठेवलेले दिसले. एक माझ्या नावाचा आहे. त्यात अजून काही पडलेलं नाही.

---

आर्णीची_माय

सगळ्यांचे आभार. रविवारी बैठक घेतली. चौदा जणी आल्या. चिंचोके गोळा करायला पोरींना मारुतीच्या पाराकडे पिटाळलं, पायलीभर निघाले. आशाताई, काळ्या चिंचोक्यांचं मी मोठ्यानं वाचलं तेव्हा घरात एकदम शांत झालं, मग कोषाध्यक्ष म्हणाली, काळे मला जास्त दे.

ग्रामसेवकदादा, तुमचं इतिवृत्ताचं लिहून घेतलं आहे. सरपंचीणबाई आमच्या गटातल्याच आहेत, पण सह्यांचं रजिस्टर त्यांच्या घरी नाही, त्यांच्या दिराच्या घरी असतं. आधी ते आणावं लागेल.

नैरोबीला मुलीकडून निरोप पाठवला की आम्ही असं मोजतो आहोत. त्या बाईनं आवाजाचा मेसेज पाठवला. अर्धा मला समजला नाही, पण मागून गेटवरच्या बाया बोलत होत्या ते ऐकू येत होतं, म्हणजे अजून कुणी हाक मारली नव्हती. मुलीनं सांगितलं की त्यांची चामा आहे, आपली भिशी असते तशी, दर आठवड्याला एकीला सगळे पैसे. त्यातल्या बायांना ती सांगणार आहे. त्या चिंचोके नाही, पाण्याच्या डब्यांची बुचं वापरणार म्हणे.

पहिल्या दिवशी माझे सात निघाले, मी सासू असून. सुनेचे अकरा. दुसऱ्या दिवशीचा हिशेब देता येत नाही, कारण नातवानं दुपारी दोन्ही डबे ओतले, चिंचोके फोडून अर्धे केले आणि मित्रांना घेऊन ओट्यावर अष्टचंगचा डाव मांडला. बुधवारपासून पुन्हा सुरू करतो.